साध्या लेन्सने तेजोमेघ टिपताना: मृग नक्षत्रापासून सुरुवात

तेजोमेघांची, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या ढगांची, छायाचित्रे पाहणाऱ्या बहुतेकांची अशी समजूत असते की ते आकाशात फार लहान दिसत असणार आणि म्हणून त्यांच्यासाठी मोठी दुर्बीण लागत असणार. वस्तुस्थिती जवळपास उलट आहे. मृग नक्षत्रातील एम ४२ (मेसिए यादीतील ४२ वा) हा तेजोमेघ आकाशात सुमारे एक अंश रुंद आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या दुप्पट. त्याच्या पूर्वेला, शृंगाश्व तारकासमूहात असलेला रोझेट तेजोमेघ त्याहून थोडा मोठाच आहे, आणि मृगाला पूर्वेकडून वेढणारे बर्नार्डचे वलय तर दहा अंशांच्या आसपास पसरलेले आहे. एवढी मोठी वस्तू दुर्बिणीच्या चिमुकल्या दृश्यक्षेत्रात मावतच नाही. खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड इमर्सन बर्नार्ड यांनी १८९४ मध्ये या वलयाचे छायाचित्र घेतले ते वेधशाळेच्या मुख्य दुर्बिणीने नव्हे, तर जेमतेम दीड इंच व्यासाच्या एका छोट्या भिंगाने. अडचण आकाराची नसून अंधुकपणाची आहे, आणि अंधुकपणावर उपाय मोठेपणा नव्हे, तर साठवलेला प्रकाश हा आहे. या लेखातील प्रत्येक पायरी शेवटी याच एका हिशेबापाशी येते.

सुरुवात मृगापासून करावी असे सुचवण्याची कारणे व्यावहारिक आहेत. हे नक्षत्र खगोलीय विषुववृत्तावर असल्यामुळे महाराष्ट्रातून ते फार उंच चढते. पुण्याहून एम ४२ मध्यमंडलावर, म्हणजे सर्वांत उंच, असताना क्षितिजापासून सुमारे ६६ अंशांवर असतो, तर लंडनहून तो ३३ अंशांच्या वर जात नाही. तीस अंशांखालचे धुरकट आकाश सोडून दिले, तरी एका रात्रीत हा तेजोमेघ आपल्याला जवळजवळ साडेसात तास वापरता येतो. शिवाय त्याचा हंगाम आपल्या निरभ्र थंडीशी जुळतो. डिसेंबरच्या मध्यावर मृग मध्यरात्री डोक्यावर येतो आणि जानेवारीअखेर रात्री नऊच्या सुमारास. शेतकरी ज्या मृग नक्षत्राची जूनमध्ये वाट पाहतो, त्या वेळी सूर्यच तिथे मुक्कामाला असतो, त्यामुळे छायाचित्रकाराला त्याचा काहीच उपयोग नाही.

पैसे कशावर खर्च करावेत

नवशिका माणूस आधी चांगला कॅमेरा घेतो, मग उरलेल्या पैशांत ट्रायपॉड, आणि पृथ्वीच्या भ्रमणाचा विचार शेवटी. माझ्या मते हा क्रम उलटा करावा. आधी तारे अनुसरणारा छोटा ट्रॅकर, मग एक बऱ्यापैकी प्राइम (झूम नसलेली) लेन्स, आणि कॅमेरा घरात असेल तो. दहा-बारा वर्षांपूर्वीचा साधा डीएसएलआरसुद्धा या कामाला पुरतो.

ट्रॅकर का लागतो हे आकड्यांतच पाहावे. आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते (एक अंश म्हणजे ६० कला, एक कला म्हणजे ६० विकला). सेन्सरवरील एका पिक्सेलमध्ये आकाशाचा किती भाग येतो हे काढण्याचे सूत्र सोपे आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यावा, त्याला २०६ ने गुणावे आणि लेन्सच्या मिलिमीटरमधील फोकल लेंग्थने भागावे. कॅनन ६००डी या जुन्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा आहे. त्यावर ५० मिमी लेन्स लावली तर एका पिक्सेलमध्ये सुमारे १७.७ विकला येतात, १३५ मिमी लावली तर ६.६. म्हणजे स्थिर ट्रायपॉडवर पन्नासच्या लेन्सने सव्वा सेकंदातच तारा एक पिक्सेल ओलांडतो आणि १३५ च्या लेन्सने अर्ध्या सेकंदाच्या आत. पाचशेला फोकल लेंग्थने भागण्याचा जो नियम सर्वत्र सांगितला जातो, तो लहान सेन्सरवर (तिथे फोकल लेंग्थ आधी १.६ ने गुणतात) पन्नासच्या लेन्सला सहा सेकंदांचे एक्स्पोजर देतो. तेवढ्यात तारा पाच पिक्सेल लांब होतो. फेसबुकवर टाकण्याच्या आकारात ते खपून जाते, पण पुढे शेकडो फ्रेम एकमेकांवर रचायच्या असतील तर नाही.

बाजारात स्काय-वॉचरचा स्टार अ‍ॅडव्हेंचरर, आयऑप्ट्रॉनचा स्कायगाइडर प्रो असे ट्रॅकर मिळतात. नवीन फुल-फ्रेम कॅमेऱ्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतात. तेही परवडत नसेल तर दोन फळ्या आणि एक बिजागरी यांपासून ट्रॅकर घरी तयार करता येतो. दोन फळ्या बिजागरीने जोडाव्यात, बिजागरीच्या रेषेपासून २२८.५ मिमी अंतरावर एम ६ चा लांब स्क्रू खालच्या फळीतून वर आणावा आणि वरच्या फळीवर बॉल हेड बसवावे. एम ६ स्क्रूच्या आट्यांमधले अंतर एक मिलिमीटर असते. त्यामुळे मिनिटाला बरोबर एक फेरा दिला की वरची फळी आकाशाच्या वेगाने, म्हणजे २३ तास ५६ मिनिटांत एक प्रदक्षिणा या गतीने, उघडत जाते. ध्रुवाकडे तोंड करून उभे राहिल्यावर बिजागरी डाव्या, म्हणजे पश्चिमेच्या हाताला आली पाहिजे. घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर स्क्रू सावकाश आणि सतत फिरवत राहावे. सरळ स्क्रू वापरल्यामुळे काही मिनिटांनंतर चूक वाढत जाते, म्हणून दर पाच-सात मिनिटांनी स्क्रू मागे घेऊन नव्याने सुरुवात करावी. हत्यारांची आवड असणाऱ्याने हा ट्रॅकर जरूर करून पाहावा. ज्याला रात्र फक्त छायाचित्रांसाठी हवी आहे, त्याने विकतचा घ्यावा.

लेन्सच्या बाबतीत झूमच्या मोहात पडू नये. पन्नासची एफ/१.८ लेन्स स्वस्त आणि धारदार असते. ती एफ/४ पर्यंत मिटवली, म्हणजे तिचे छिद्र लहान केले, की कोपऱ्यांतले तारेही गोल येतात. ८५ मिमी मध्यम पर्याय आहे. १३५ मिमी या फोकल लेंग्थला तेजोमेघांच्या छायाचित्रणात विशेष मान आहे. सॅमयांगची १३५ मिमी एफ/२ लेन्स त्यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या १३५ मिमी एफ/२.८ लेन्सही अडॅप्टर लावून वापरता येतात. लहान सेन्सरवर १३५ मिमीचे दृश्यक्षेत्र साधारण ९.४ बाय ६.३ अंश येते. लांब बाजू दक्षिणोत्तर ठेवली की मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे, त्यांच्या चार अंश दक्षिणेचा एम ४२ आणि उत्तरेचा एम ७८ हा तेजोमेघ हे सगळे एका चौकटीत बसते आणि पूर्वेच्या कडेला बर्नार्डच्या वलयाचा काठ जेमतेम येतो. पूर्ण वलय हवे असेल तर पन्नासच घ्यावी. तिच्यात काक्षी (बीटलज्यूज) ताऱ्यापासून राजन्य (रायगेल) ताऱ्यापर्यंत अख्खा मृग मावतो.

लाल रंगाचा प्रश्न

तेजोमेघांचे ढोबळ तीन प्रकार छायाचित्रकाराला माहीत असले पाहिजेत, कारण कोणत्या कॅमेऱ्याने काय टिपता येईल हे त्यावर ठरते. उत्सर्जन तेजोमेघात जवळच्या तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजन वायू आयनीभूत होतो आणि मुख्यतः ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या गडद लाल रंगात प्रकाशतो. या रेषेला हायड्रोजन-अल्फा म्हणतात. परावर्तन तेजोमेघात धूळ शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश विखुरते आणि निळसर दिसते. कृष्ण तेजोमेघ म्हणजे मागचा उजेड अडवणारी धूळ. प्रसिद्ध अश्वमुख तेजोमेघ हा असाच एक धुळीचा ढग आहे. तो बाणाच्या सर्वांत पूर्वेकडील ताऱ्याच्या, अल्निटाकच्या, किंचित दक्षिणेला एका लाल पडद्यासमोर उभा आहे. हार्वर्ड वेधशाळेच्या छायाचित्र-काचेवर तो १८८८ मध्ये विल्यमिना फ्लेमिंग यांना प्रथम आढळला.

नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर जी काच असते ती त्वचेचे रंग नैसर्गिक यावेत म्हणून लाल टोकाचा प्रकाश कापते, आणि हायड्रोजन-अल्फाचा साधारण पाव हिस्साच आत सोडते. म्हणून अनेक जण ती काच काढून किंवा बदलून घेतात. कॅननने ६०डीए आणि ईओएस आरए, तर निकॉनने डी८१०ए हे कॅमेरे याच कामासाठी काढले होते. पण पहिल्याच हंगामात कॅमेरा उघडायला देण्याची घाई करू नये. एम ४२ एवढा तेजस्वी आहे की न बदललेल्या कॅमेऱ्यातही तो सुंदर येतो. कृत्तिकेभोवतीची निळी धूळ, एम ७८, राजन्याशेजारचा अंधुक आयसी २११८ ही परावर्तनाची लक्ष्ये असल्यामुळे त्यांना त्या काचेचा अडथळा फारसा होत नाही. बर्नार्डचे वलय आणि रोझेट मात्र न बदललेल्या कॅमेऱ्याची परीक्षा पाहतात. रोझेट दिसतो, पण अनेक तासांचा प्रकाश जमवल्यावर.

जागा आणि रात्र

अंधाऱ्या जागेचे मोल किती हेही मोजता येते. मोठ्या शहराच्या आकाशाची तेजस्विता दर चौरस विकलेला सुमारे १८ प्रतीची असते, दूरच्या खेड्यात ती २१ पर्यंत उतरते (प्रत हे तेजस्वितेचे माप आहे; आकडा जितका मोठा तितके आकाश अंधारे). तीन प्रतींचा फरक म्हणजे पार्श्वभूमीच्या उजेडात जवळपास सोळापट फरक. खेड्यात एका तासात जे मिळते, त्यासाठी शहरातल्या गच्चीवर सोळा तास लागतील, आणि वर प्रकाशाचे वाकडे-तिकडे पट्टे निस्तरावे लागतील ते वेगळेच. पेट्रोलचा खर्च हा या छंदातला सर्वांत फायदेशीर खर्च आहे, असे मी म्हणतो ते यामुळे. शहरातून निघताच येत नसेल, तर हायड्रोजन-अल्फा आणि ऑक्सिजनच्या रेषाच आत सोडणारे दुहेरी पट्ट्यांचे फिल्टर मिळतात. बदललेल्या कॅमेऱ्यावर उत्सर्जन तेजोमेघांसाठी ते उत्तम काम करतात. धूळ आणि परावर्तन तेजोमेघांसाठी त्यांचा उपयोग नाही.

महाराष्ट्रात पुण्या-मुंबईपासून सह्याद्रीच्या पश्चिम उतारांवर, धरणांच्या मागच्या खोऱ्यांत बऱ्यापैकी काळोख सापडतो. डोंगर शहराच्या दिशेला आडवा येईल अशी जागा निवडावी. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे विदर्भातील वाचकांची मोठी सोय झाली आहे. लडाखमधील हानले तर या छंदाची पंढरीच आहे, पण तिथे थंडीत बॅटऱ्या आणि माणूस दोघेही लवकर गळतात, आणि ते पहिल्या वर्षाचे ठिकाण नव्हे. साखर कारखान्याच्या परिसरात गाळपाच्या हंगामात दिवे आणि धूर दोन्ही असतात, हे नकाशावर दिसत नाही. आधी एकदा जाऊन पाहावे लागते.

जागा ठरली की गावात पोलीस पाटील किंवा सरपंच यांना आधी सांगून ठेवावे. रात्री दोन वाजता शेतात लाल दिवे घेऊन फिरणारी अनोळखी माणसे पाहून कोणीही घाबरेल. वनखात्याची हद्द असेल तर परवानगी घ्यावी. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, तिथे एकट्याने बसू नये. सोबतीसाठी स्थानिक खगोल मंडळांसारखा दुसरा मार्ग नाही. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून कार्यरत आहे, आणि इतर शहरांतही आकाशदर्शनाचे कार्यक्रम करणारी मंडळे आहेत.

रात्र अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवसांतली धरावी. स्टेलेरियम हे मोफत सॉफ्टवेअर आधी घरी उघडून त्यात आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर आणि लेन्स यांची माहिती भरली, की चौकटीत नेमके काय येईल ते दिसते. चौकट घरीच ठरवून तिच्या कोपऱ्यांतले तारे कागदावर टिपून न्यावेत. अंधारात ही चिठ्ठी फार कामाला येते.

ध्रुवाशी जुळवणी

ट्रॅकरचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणे ही सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. आपल्याकडे मृग उंच असण्याचा जो फायदा आहे, त्याची किंमत इथे मोजावी लागते: ध्रुव तारा आपल्या अक्षांशाएवढाच वर असतो, पुण्यात साडेअठरा अंश, कोल्हापुरात सुमारे पावणेसतरा, गोव्यात साडेपंधरा. उत्तरेला टेकडी, झाड किंवा धुके असेल तर तो दिसतच नाही. त्यामुळे जागा निवडतानाच उत्तरेचे क्षितिज मोकळे आहे ना, हे पाहावे.

आधी ट्रायपॉड समतल करावा आणि त्याचे पाय जमिनीत घट्ट दाबावेत. मधली दांडी वर काढू नये. ट्रॅकरचा अक्ष आपल्या अक्षांशाच्या कोनावर आणावा आणि मोबाइलमधील होकायंत्राने ढोबळ उत्तर साधावी. नंतर ध्रुवदर्शकातून, म्हणजे ट्रॅकरच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीतून, ध्रुव तारा शोधावा. शर्मिष्ठा आणि सप्तर्षी यांच्यावरून त्याची जागा पक्की करून घ्यावी, कारण धुरकट आकाशात दुसऱ्याच ताऱ्याला ध्रुव समजणे सहज घडते. ध्रुव तारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे ३८ कला दूर आहे, म्हणून त्या घटकेला तो ध्रुवदर्शकात दिसणाऱ्या वर्तुळावर नेमका कुठे असावा हे मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये पाहून तिथे आणावा.

किती अचूकता पुरेशी? अक्ष एक कला चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकलेच्या आसपास सरकतो. म्हणजे घाईत अक्ष थेट ध्रुव ताऱ्यावरच रोखला, तरी मिनिटाला दहा विकलांचे सरकणे होईल: पन्नासच्या लेन्सला ते अर्ध्या पिक्सेलएवढेच, १३५ ला दीड पिक्सेल. तेव्हा पन्नासवाल्याने यात अर्धा तास घालवू नये, आणि १३५ वाल्याने पाच कलांच्या आत येईपर्यंत सोडू नये. कॅमेरा बसवल्यानंतर, लक्ष्याकडे वळवल्यानंतर आणि फोकस झाल्यानंतर जुळवणी पुन्हा एकदा तपासावी. वजन हलले की अक्षही हलतो.

फोकस, मग एक्स्पोजर

ऑटोफोकस आणि लेन्सचे स्थिरीकरण बंद करावे. राजन्य किंवा व्याध चौकटीच्या मध्यावर आणून लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करावा आणि फोकसची कडी अगदी सावकाश फिरवत तारा सर्वांत लहान होईल तिथे थांबावे. बाख्तिनोव्ह मास्क हा खाचा पाडलेला साधा पडदा लेन्ससमोर धरला तर ताऱ्याभोवती तीन रेषा उमटतात. मधली रेषा बाकी दोन्हींच्या बरोबर मध्ये आली की फोकस झाला. मग कडीवर कागदी चिकटपट्टी लावावी. लेन्सवरचे अनंताचे चिन्ह विश्वासाचे नाही, आणि रात्री तापमान उतरले की फोकस थोडा सरकतो, म्हणून दर तासाला तपासावा.

कॅमेरा मॅन्युअलवर, फाइल रॉ स्वरूपात, व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडाचा, आणि लांब एक्स्पोजरमधील नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) कमी करण्याची सोय बंद. ती चालू असली तर कॅमेरा प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ झाकलेली फ्रेम घेतो आणि अर्धी रात्र वाया जाते. आयएसओ ८०० किंवा १६००, अ‍ॅपर्चर एफ/२.८ ते एफ/४, आणि एक्स्पोजर साठ ते एकशेवीस सेकंद, येथून सुरुवात करावी. हिस्टोग्रामचे (कॅमेऱ्यावरील उजेडाच्या आलेखाचे) शिखर डाव्या कडेपासून सुटून चौथाई ते एक तृतीयांश अंतरावर आले म्हणजे पुरे. ते मध्यापर्यंत ढकलल्याने तेजोमेघ जास्त दिसत नाही, फक्त तारे जळून पांढरे होतात. आयएसओ वाढवून जास्त प्रकाश मिळतो हा गैरसमज फार चिवट आहे. प्रकाश फक्त छिद्र आणि वेळ यांनी मिळतो.

पहिली फ्रेम आली की ती पूर्ण मोठी करून चारही कोपरे पाहावेत. तारे पूर्व-पश्चिम लांबले असतील तर दोष ट्रॅकरच्या गतीत किंवा गिअरमध्ये आहे, आणि मग एक्स्पोजर कमी करणे हाच उपाय. दक्षिणोत्तर लांबले असतील तर ध्रुवाशी जुळवणी चुकली आहे. फक्त कोपऱ्यांतच पंखांसारखे पसरले असतील तर लेन्स अजून एक पायरी मिटवावी. सगळीकडे वेडेवाकडे असतील तर वारा किंवा सैल स्क्रू.

आता मुख्य काम: जास्तीत जास्त फ्रेम. नको असलेला नॉइज एकूण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात मागे पडतो, म्हणजे चित्र दुप्पट स्वच्छ हवे असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी एम ४२ चे पहिले छायाचित्र घेतले तेव्हा एकाच काचेवर ५१ मिनिटे प्रकाश पडू दिला होता. आज तेवढा वेळ आपण तुकड्यांत घेतो, त्यामुळे एखादे विमान किंवा उपग्रह आला तरी सगळे बिघडत नाही. पहिल्या प्रयत्नाला एक तास पुरे, पण बाणाभोवतीची तपकिरी धूळ आणि वलयाचा काठ तीन-चार तासांनंतरच मोकळेपणाने दिसू लागतात. मला विचाराल तर एका रात्री चार लक्ष्ये घेण्यापेक्षा एकच घ्यावे. इंटरव्हॅलोमीटर (ठरलेल्या वेळाने आपोआप फ्रेम घेणारे उपकरण) लावून, दोन फ्रेमांत पाच सेकंदांची फट ठेवून, कॅमेऱ्याला हात न लावता काम चालू द्यावे. दर पंधरा-वीस मिनिटांनी चौकट थोडीशी, दहा-वीस पिक्सेल, हलवावी. याला डिदरिंग म्हणतात. त्यामुळे सेन्सरचे स्वतःचे डाग प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडतात आणि रचताना पुसले जातात.

एम ४२ चा गाभा एवढा तेजस्वी आहे की दोन मिनिटांच्या फ्रेममध्ये तो पांढरा ठिपका होतो. त्यासाठी पाच आणि पंधरा सेकंदांच्या दहा-दहा फ्रेम वेगळ्या घेऊन ठेवाव्यात.

दव हा थंडीतला खरा शत्रू आहे. नदीकाठी आणि खोऱ्यांत मध्यरात्रीनंतर लेन्सवर दहिवर साचते आणि तारे धूसर होत जातात. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते कळतही नाही. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी लेन्सभोवती पहिल्यापासूनच गुंडाळावी. दव पडल्यावर कापडाने पुसणे म्हणजे फोकसही घालवणे.

आवराआवर करतानाच्या फ्रेम

तेजोमेघाच्या फ्रेमखेरीज आणखी तीन प्रकारच्या फ्रेम लागतात, आणि झोप आल्यामुळे नेमक्या याच टाळल्या जातात. डार्क म्हणजे लेन्सला झाकण लावून, त्याच एक्स्पोजर आणि आयएसओवर, त्याच थंड हवेत घेतलेल्या वीसेक फ्रेम. सामान आवरताना त्या आपोआप होतात. बायस म्हणजे झाकण लावून सर्वांत कमी एक्स्पोजरच्या फ्रेम. त्या घरी कधीही घेता येतात. फ्लॅट सर्वांत महत्त्वाच्या. लेन्सवर पांढरे सुती कापड ताणून पहाटेच्या एकसारख्या आकाशाकडे किंवा लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्याकडे धरून, हिस्टोग्राम मध्यावर येईल अशा पंचवीस-तीस फ्रेम घ्याव्यात. फोकस, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांना अजिबात हात लावू नये. कोपऱ्यांतला काळोख आणि सेन्सरवरची धूळ या फ्रेममुळेच जाते. फ्लॅट नसतील तर पुढे अंधुक धूळ कोणती आणि लेन्सची सावली कोणती, हे ओळखता येत नाही.

संगणकावर

विंडोजसाठी डीपस्कायस्टॅकर आणि सर्व प्रणालींसाठी सिरिल ही मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. मी सिरिलची शिफारस करतो, कारण रचण्यापासून रंगापर्यंतचे सगळे काम त्यात होते. एका फोल्डरमध्ये चारही प्रकारच्या फ्रेम ठरलेल्या नावांच्या उपफोल्डरांत ठेवून तयार स्क्रिप्ट चालवली की ते फ्रेम दुरुस्त करते, ताऱ्यांवरून जुळवते आणि एकत्र करते. उपग्रहांच्या रेघा याच टप्प्यात सरासरीबाहेरच्या म्हणून वगळल्या जातात. त्याआधी लांबट ताऱ्यांच्या आणि ढगाळ फ्रेम निर्दयपणे काढून टाकाव्यात.

तयार झालेले चित्र जवळजवळ काळे दिसेल. त्यात काही बिघडलेले नाही. सगळा प्रकाश अजून खालच्या पातळ्यांत दबलेला आहे. पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कडा कापाव्यात. मग पार्श्वभूमीतील उजेडाचा उतार काढावा, सिरिलमध्ये किंवा ग्राएक्सपर्ट या मोफत सॉफ्टवेअरने. इथे विस्तृत-क्षेत्र छायाचित्रणाची खास अडचण येते: मृगात मोकळे आकाश असे फारसे नाहीच, सगळीकडे वायू किंवा धूळ आहे. मोकळे आकाश म्हणून सॉफ्टवेअरला दाखवायचे नमुन्याचे बिंदू वलयावर किंवा धुळीवर पडले तर सॉफ्टवेअर त्यालाच प्रदूषण समजून पुसून टाकते. म्हणून बिंदू हाताने, खरोखर काळ्या जागी, आणि थोडेच ठेवावेत. शंका असेल तेव्हा कमी दुरुस्ती करावी.

त्यानंतर फोकल लेंग्थ आणि पिक्सेलचा आकार देऊन चित्राचे आकाशातील स्थान ओळखून घ्यावे, आणि ताऱ्यांच्या ज्ञात रंगांवरून रंगसंतुलन करावे. डोळ्यांच्या अंदाजाने रंग लावण्यापेक्षा हे केव्हाही भरवशाचे. हे सगळे झाल्यावरच ताण द्यावा, म्हणजे अंधुक पातळ्या वर उचलाव्यात, तेही एका झटक्यात नव्हे, तर थोड्या थोड्या टप्प्यांत. स्टारनेट या सॉफ्टवेअरने तारे वेगळे काढून तेजोमेघावर स्वतंत्र काम करता येते आणि तारे नंतर हलक्या हाताने परत बसवता येतात. एम ४२ च्या गाभ्यासाठी घेतलेल्या छोट्या फ्रेम याच वेळी गिम्प या चित्रसंपादकात थरांचा वापर करून मिसळाव्यात.

किती ताणावे याला सूत्र नाही, पण काही खुणा आहेत. पार्श्वभूमी ठार काळी झाली तर धूळ मेली असे समजावे. आकाश गडद राखाडी राहिले पाहिजे. अश्वमुखामागचा पडदा लाल आहे, पण शेजारचा एनजीसी २०२४ हा तेजोमेघ केशरी-तपकिरीकडे झुकतो, एम ७८ निळसर आहे आणि एम ४२ च्या गाभ्यात ऑक्सिजनची हिरवट-निळी छटा आहे. हे सगळे एकाच लाल रंगात बुडाले तर रंगाची पट्टी जास्त ओढली गेली आहे. तीक्ष्णता वाढवणारी नवी साधने कधी कधी धुळीत नसलेले धागे विणतात. एका फ्रेममध्ये दिसणारी रेघ दुसऱ्या रात्रीच्या संचात दिसत नसेल तर ती आकाशातली नव्हे.

दोन रात्रींचा, किंवा दोन वर्षांचा, संच एकत्र रचता येतो, म्हणून मूळ रॉ फाइल कधीही पुसू नयेत. लेन्स आणि कॅमेरा तेच असतील तर पुढच्या डिसेंबरचे तासही याच चित्रात मिळवता येतील. मृग पश्चिमेला कलला की फेब्रुवारीत त्याच लेन्सने रोझेट घ्यावा, आणि मार्चपासून पहाटे ज्येष्ठेभोवतीची रंगीत धूळ व धनु राशीतील एम ८ आणि एम २० ही तेजोमेघांची जोडी. मे संपता संपता ढग येतात. तेव्हा बॅटऱ्या काढून, कॅमेरा आणि लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात, कारण कोकणात तर एका पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. उरलेले चार महिने हिवाळ्यातल्या फाइलींवर पुन्हा काम करण्यासाठी वापरावेत.